संघदीपचा फोन

भोजराजनं मोबाईल कानाला लावला, तशी पार्वताबाई सरकून त्याला खेटून बसली. पदराआडच्या कानातलं नवं यंत्र तिनं बोटानं चाचपलं. नवऱ्याला तिनं अजून सांगितलं नव्हतं. आधी पोराचा आवाज ऐकायचा, मग सांगायचं, असं तिच्या मनात होतं.

तापात तिचे कान गेले तेव्हा संघदीपचा आवाज फुटलाही नव्हता. आता तो गुजरातेत कारखान्यात होता. दर रविवारी भोजराज त्याला फोन लावायचा, हसून बोलायचा आणि पोरगा मजेत असल्याचं तिला खुणेनं सांगायचा.

मागं एकदा तिला ऐकू येण्यासाठी गळ्यात अडकवायचा डबा मिळाला होता. लुगडं घासलं की त्यात नुसती खरखर. हे मात्र चिंचोक्याएवढं. गोंदियाच्या शिबिरात ते बसवणारी बाई म्हणाली होती, "यात सगळं एकाच चिपमध्ये आहे, मावशी. सेल पुष्कळ दिवस पुरतो. खरखर हे स्वतःच गाळून टाकतं. माणसाचं बोलणं तेवढं स्वच्छ ऐकू येईल."

तसंच झालं. भोजराजचा आवाज स्वच्छ आला. किती म्हातारा झाला होता तो.

"हो बाबू. जेवलास? बेस, बेस."

सौंदडच्या बाजारातून घेतलेल्या त्या चायना मोबाईलचा आवाज ओसरीभर जायचा. पार्वताबाईनं श्वास धरला. पलीकडून एक बाई बोलत होती, "आप जिस नंबर पर कॉल कर रहे हैं, वह मौजूद नहीं है." पुन्हा तेच. पुन्हा तेच. भोजराज मध्येमध्ये मान हलवत होता, "हो बाबू" म्हणत होता.

मग त्यानं मोबाईल खाली ठेवला. तिच्याकडे वळून तो नेहमीसारखा हसला. हातांनी खुणा केल्या, पोरगा जेवला, मजेत आहे. आणि हसत हसतच बोलत राहिला.

"दोन वर्सं झाली, पार्वता. कारखान्यातच गेला आपला संघदीप. एकटाच जाऊन अग्नी देऊन आलो. कोनाले बोललो नाही. तुले कसा सांगू वं?"

त्याच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. इतके दिवस तिला ते हसूच तेवढं दिसत आलं होतं.

पार्वताबाईच्या छातीतून हंबरडा वर आला. तिनं तो दातांखाली दाबला. पदराआड हात नेला, यंत्र काढलं आणि मुठीत घट्ट धरलं.

"तो जेवला ना जी?" ती म्हणाली. "मंग चला, तुमीही दोन घास खाऊन घ्या."