डावी सीट

गोकुळ पुन्हा एकदा शेतात चालणाऱ्या त्या छोट्या, उघड्या गाडीच्या डावीकडच्या सीटवर चढून बसला आणि पुन्हा उतरला. चिखलीच्या शोरूममधला माणूस मागच्या डाल्यात किती पोती मावतात, डाला उलटून खत कसं ओतता येतं, चढावर चारही चाकं कशी ओढतात, हे सांगून दमला होता. गोकुळची नजर मात्र पायरीवरच होती.

"म्हाताऱ्या माणसाचा गुडघा वाकत नसला, तं चढता येईन का?"

माणूस म्हणाला, पायरी बुटकी आहे, धरायला दांडा आहे, डोक्यावर लोखंडी सांगाडा आहे आणि दोन्ही सीटांना पट्टे आहेत. सौदा तिथंच ठरला.

एवढ्या पैशांत नवा ट्रॅक्टर आला असता, असं त्याची बायको पूनम म्हणाली. ट्रॅक्टरचं नाव गोकुळसमोर काढायचं नसतं, हे तिला बोलून झाल्यावर आठवलं.

ट्रॅक्टरवर सीट एक आणि माणसं दोन. दुसरा मडगार्डवर बसतो. अमडापूरच्या शिवारात सगळेच बसतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. ते घडलं तेव्हा गोकुळ पुण्याच्या कंपनीत होता आणि पेरणीपुरता सुटीवर आला होता. त्याचे वडील भगवंतराव मडगार्डवर होते. बांध आला तरी गोकुळनं वेग कमी केला नाही, कारण त्याचे डोळे मोबाइलवर होते. म्हातारा खाली पडला. चाकाखाली दगड आला, असं गोकुळनं घरी सांगितलं. भगवंतरावांनीही मान हलवली. "हाव, दगडच होता." बापानं आपलं खोटं सांभाळून घेतलं, हे गोकुळला जास्त लागलं.

गुडघ्याची सूज उतरली की चालतील, असं डॉक्टर म्हणाले होते. सूज उतरली, पण काठी काही सुटली नाही. अकोल्याला मोठ्या डॉक्टरला दाखवू, असा हट्ट गोकुळनं धरला, तेव्हा त्याची आई कौशल्याबाई आडवी आली. "म्हातारं हाड हाय, राहू दे. मी लावते तेल." त्या गुडघ्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

सुटी संपली तरी गोकुळ पुण्याला परतला नाही. पाय आपण मोडला, मग शेती कुणी करायची?

गाडी आल्यापासून तो रोज बापाला हात धरून डाव्या सीटवर बसवायचा. पट्टाही तोच लावायचा, कारण ते बक्कल आपल्याला उमगत नाही, असं भगवंतराव म्हणायचे. घर वावरातच होतं, पण लिंबाची बाग नाल्यापलीकडे, डोंगराच्या चढावर. डाल्यात कधी ठिबकच्या नळ्या असत, कधी शेणखत, येताना लिंबाचे क्रेट. गोकुळ बैलाच्या चालीनं गाडी चालवायचा. लोक चिडवायचे, राजाची सवारी निघाली म्हणून. भगवंतराव हसत नसत. गोकुळनं हात पुढे केला की त्यांची नजर दुसरीकडे वळे. बापाला परावलंबी होणं बोचतंय, असं गोकुळला वाटे आणि त्याचा जीव तुटे.

वरच्या बागेतला पाण्याचा व्हॉल्व्ह कधी कधी तो पोचायच्या आधीच फिरवलेला असायचा. शेजारचा शालिग्राम फिरवत असेल, माणूस भला. बापाच्या चपलांना सकाळीच ओली माती दिसे. अंगणात सडा पडलेला असतोच.

अशात पुण्याहून जुन्या साहेबांचा फोन आला. जागा निघालीय, लवकर कळव. पूनमनं माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळनं गोठ्यापाशी, बापासमोरच फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं.

फोन ठेवल्यावर त्याला राहवेना.

"बाबा, दगड नव्हता. मी मोबाइल पाहून राह्यलो होतो. तुमचा पाय मी मोडला."

"मले माहीत हाय." भगवंतराव काठीच्या टोकानं माती उकरत राहिले. "तू जाय पुण्याले."

"तुमाले असं सोडून?"

भगवंतरावांचे ओठ हलले. काहीतरी जिभेवर आलं होतं. पण ते म्हणाले एवढंच, "आज मी खालीच बसतो. डाल्यातली फवारणीची टाकी भरून ने, नाही तं रिकामी ने. अर्धं पाणी डचमळते."

गोकुळचं मन जागेवर नव्हतं. पाइप लावून तो बसून राहिला आणि टाकी अर्धीच असताना निघाला. नाला ओलांडला, चढ चढला. वरच्या झाडांकडे जाताना त्यानं गाडी उतारावर आडवी घातली. पाणी एका बाजूला धावलं आणि त्याच्यामागे गाडी कलंडली.

तो पट्ट्यात लोंबकळत होता. पाय स्टिअरिंगखाली अडकला होता, इंजिन चालू होतं आणि पेट्रोलचा वास यायला लागला होता. बोटं बक्कलापर्यंत पोचत नव्हती. पूनमचं नाव घेऊन तो ओरडला.

कुणीतरी धावत येत होतं. शालिग्रामच असणार. धुळीतून एक हात आत आला, चावी फिरली, इंजिन बंद पडलं. दुसऱ्या हातानं एका दाबात बक्कल उघडलं. काखेत हात घालून त्या माणसानं त्याला बाहेर ओढलं आणि तसंच ओढत पार झाडापर्यंत नेलं.

गोकुळनं डोळ्यांतली धूळ पुसली. समोर भगवंतराव उभे होते. धोतर वर खोचलेलं, छाती धपापत होती.

"लागलं नाही ना लेका?"

गोकुळनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. उतारावर दोन्ही पाय घट्ट रोवलेले होते. भगवंतरावांनी मान खाली घातली.

काठी तिकडे गोठ्यापाशी पडली होती. मध्ये नाला होता, आणि सगळा चढ.