आंबुशीतलं लोह

आई गेली तेव्हा लेकीच्या फ्रिजमध्ये तिनं पाठवलेल्या आंबुशीच्या काढ्याची शेवटची बाटली उरली होती. लेक प्रयोगशाळेत रानभाज्यांमधली खनिजं मोजायची. काढ्याचे चार थेंब तिनं यंत्राला दिले आणि लोहाचा आकडा बघून चाटच पडली. "पी गुमान, अंगात रक्त भरेल," असं आई म्हणायची ते खरंच होतं तर.

मग तिनं माहेरच्या कुंपणालगतची तीच पानं खुडून आणली आणि प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात उकळली. लोह जेमतेम निघालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"अगं, आंबट पाला तो," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "आई लोखंडी कढईत उकळायच्या ना? हे लोह पानातलं नाही, कढईतलं उतरलंय."

तिनं तिथूनच फोन लावला. "बाबा, आईची ती काळी कढई जपून ठेवा. मी न्यायला येतेय."



"परवा तूच म्हणालीस ना गं, ओट्यावर ती कढई दिसली की रडू आवरत नाही. कालच भंगारात देऊन टाकली."