खुल्या ड्रायव्हरची अट

कंपनीच्या वकीलबाईंनी कागद टेबलावरून त्याच्याकडे सरकवला आणि आपल्या पेनाला टोपण लावलं.

"तुमची सही नकोय," त्या म्हणाल्या. "तुमच्या ताईंनी केलीय."

सही ताईचीच होती. दिसत नसल्यामुळे ती पट्टी धरून सही करते, त्यामुळे तिची अक्षरं खालून कापल्यासारखी सपाट येतात. त्याला वाचायची गरजच पडली नाही.

ताई गणित शिकवायची. कंप्युटरवरचा मजकूर बोटांखाली ब्रेलच्या टिंबांत उमटवणारं यंत्र तिच्याकडे होतं, याच कंपनीचं. दोन वर्षांपूर्वी कंप्युटर बदलला आणि यंत्र मुकं झालं. दोघांमधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर, तो जुना पडला होता. दुरुस्त करावा तर त्याचा कोड कंपनीच्या कुलपात. नवीन यंत्र घ्या, असं उत्तर आलं. तेव्हापासून ताई सगळं कानांनी ऐकत होती. गोष्ट ऐकता येते हो, समीकरण ऐकून सोडवून बघा कधी. तिचे वरचे वर्ग गेले. आता ती लहानांचे पाढे घेत होती.

मग हा इरेला पेटला. गणिताची चिन्हं ब्रेलमध्ये आणणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला. कुठल्या चिन्हाला कुठली टिंबं, ते तक्ते ताईने एकेक करून बसवले. प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट, पण परवान्यात अट घातली: जी कंपनी तो आपल्या यंत्रात घालेल, तिने आपल्या झाडून सगळ्या यंत्रांचे ड्रायव्हर खुले करायचे, म्हणजे कोणालाही ते दुरुस्त करता यावेत. असा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाकडे नव्हता. कंपनीने त्याच्या नाकदुऱ्या काढल्या. हा हटला नाही. "कंपनी ढिम्म हलत नाही," एवढंच तो घरी सांगायचा.

तक्त्यांवर मालक म्हणून एकट्या ताईचं नाव होतं. हौसेने त्यानेच घातलं होतं. आणि कंपनीला हवे होते ते तक्तेच. ते ताईने वेगळा परवाना लिहून देऊन टाकले होते, त्याला ताकास तूर लागू न देता.

घरी जाताना तो बसमध्ये बसला नाही, उभाच राहिला. परक्याने केलं असतं तर त्याने शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण ज्या बहिणीसाठी दोन वर्षं घालवली, तिनेच केसाने गळा कापला. रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. आता तिच्या टेबलावर कंपनीचं नवंकोरं यंत्र असणार, याची त्याला खात्री होती.

ताई खिडकीपाशी बसली होती. टेबलावर जुनंच यंत्र होतं. त्याच्यावरचं फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं, आणि ताईची बोटं टिंबांवरून सरकत होती.

"नवीन कुठंय?" त्याने विचारलं.

"नवीन कोणाला हवंय? मी जुन्याचा ड्रायव्हर मागितला. खुला, सगळ्यांसाठी. दिला त्यांनी."

"आणि नव्या यंत्रांचं काय? ती राहिलीच ना कुलपात. ताई, मला न विचारता सही केलीस तू. एकदा तरी विचारायचंस."

तिची बोटं थांबली.

"जुन्याचा ड्रायव्हर ते गेल्या वर्षीच द्यायला तयार होते, छोट्या. वकीलबाईंनी तू पाठवलेलं उत्तर मला वाचून दाखवलं. सगळे ड्रायव्हर द्या, नाहीतर एकही नको."

त्याने घडी केलेलं फडकं उचललं आणि परत ठेवलं.

"खाली लिहिलं होतंस," ताई म्हणाली, "माझ्या आणि ताईच्या वतीने."