नववी पावती

खोटं बोलायला तुम्हीच शिकवता. व्हिडिओसाठी हॉल आणि कॅमेरे देताना तुमची कचेरी जो फॉर्म भरून घेते, त्याचा पाचवा रकाना बघा: 'माझा व्हिडिओ इतर कोणाच्याही कामावरून सुचलेला नाही.' खाली सहीची जागा. चाळीस जणांनी तिथे डोळे मिटून सही ठोकली. एका लॉन्ड्रीवालीने केली नाही. तिने त्या जागी पिनेने सतरा पावत्या टाचल्या, आणि तुम्ही तिलाच खुलासा करायला बोलावलंत.

टेबलापलीकडे कचेरीचे अध्यक्ष होते. गाण्यांचे व्हिडिओ करण्यात हयात गेलेला माणूस. अलीकडे ती, आणि तिच्या शेजारी गळ्याला मफलर गुंडाळून बसलेली तिची मावशी.

मावशी तीस वर्षं कोरसमध्ये गायली. गाण्यांच्या खाली तिचं नाव कायम 'आणि इतर'. नऊ दिवसांनी तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं, आणि नंतर आवाज राहील की नाही, याबद्दल डॉक्टर छताकडे बघत होते. त्याआधी तिचं स्वतःचं एक गाणं, ती गात असताना, टिपून ठेवायचं होतं. कचेरीचा हॉल आणि कॅमेरे एका दिवसासाठी एकाच अर्जदाराला मिळणार होते. गायच्या दिवसापर्यंत आवाज जपायचा, एक शब्दही बोलायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. त्यामुळे मावशी चिमट्यांनी बोलायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि पीळ दिला की गप बस. अकरा दिवसांत भाचीच्या दंडाचं भरीत झालं होतं.

पावत्या कसल्या, असं अध्यक्षांनी विचारलं. तिने सांगून टाकलं. इस्त्रीच्या टेबलावर स्टार्चच्या डब्याला मोबाईल टेकवून ती सहा वर्षं गाण्यांचे व्हिडिओ बघत आली होती. आवाज बंद करून, कारण मालकाला कटकट खपत नाही. एकेक दृश्य थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा बघायचं. मनात भरलं की लॉन्ड्रीच्या पावतीवर लिहायचं. पावतीला रकाने तीनच: कुणाचं, काय, परत कधी.

"कपडा कुणाचा ते लिहिल्याशिवाय आम्ही पाण्यात घालत नाही, साहेब," ती म्हणाली. "माझ्या व्हिडिओत जे जे असणार आहे ते दुसऱ्यांकडून आलंय. नीट परत करायला नको?"

अध्यक्ष मनापासून हसले. चष्मा लावून वाचायला लागले. एकाकडून तिने घेतलं होतं, की गाणारा यायच्या आधी कॅमेऱ्याने रिकाम्या दाराकडे बघत थांबावं. दुसऱ्याकडून, की नाचणारीचा पाय चुकला तरी तो तुकडा कापू नये. कुठल्याशा शाळेतल्या मुलींकडून, की गाणं संपल्यावरही माणूस दोन श्वास दिसत राहावा. प्रत्येक पावतीच्या तळाशी 'धन्यवाद', वळणदार अक्षरात.

आठव्या पावतीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं. 'काय: चेहरा न दाखवता अख्खं गाणं दाखवायची हिंमत. परत कधी: माझा व्हिडिओ झाला की पहिला तुम्हालाच दाखवीन.' अध्यक्षांनी ती दोनदा वाचली आणि उगीचच चष्मा पुसला.

मग नववी आली. 'काय: पांढरी ओली चादर, मागून दिवा, चादरीवर गाणाऱ्या बाईची सावली.' कुणाचं? तिथे कोरं.

अध्यक्षांचा चेहरा उतरला. हे दृश्य त्यांचं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी याच सावलीने त्यांना नाव दिलं, पुढे ही खुर्चीही दिली. त्याचाच फोटो त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर होता. एवढ्या जणांचे आभार मानलेस, मग नेमकं माझंच दृश्य बेवारशी कसं, असं ते म्हणाले. त्यांना मनापासून लागलं होतं. त्यांनी पेन पुढे सरकवलं.

"माझं नाव लिही. हॉल तुझा, कॅमेरे तुझे. परवा ये."

"साहेब, तुमची आठवी," ती म्हणाली. मग भीत भीत पुढचं सांगितलं. दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर चादरीचं वरचं टोक घसरतं. पापणी लवेपर्यंत चार बोटं दिसतात. मग चादर पुन्हा ताठ. म्हणजे एक टोक खिळ्याला होतं आणि दुसरं कुणाच्या तरी हातात. पूर्ण गाणंभर, हात वर करून. ओली चादर ती रोज पिळते, तिचं वजन तिला ठाऊक आहे. त्या हाताने तिला शिकवलं होतं, की दिसायचं नसलं तरी हलायचं नाही. तो हात कुणाचा, ते नाव व्हिडिओत कुठेच नव्हतं, म्हणून जागा कोरी.

अध्यक्षांनी वळून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. ते टोक चौकटीबाहेर कापलं गेलं होतं. असेल कुणीतरी, ते म्हणाले, तेव्हा सेटवर बरीच माणसं असायची. आणि त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

तिने पेन उचललं. नऊ दिवस उरले होते. चार अक्षरं लिहायची होती, कुणाचा जीव जाणार नव्हता. तिने दंड मावशीकडे सरकवला. एक चिमटा आला तर लिहायचं, दोन आले तर उठायचं.

चिमटा आला नाही.

मावशीने मफलर सोडला. अकरा दिवस जपलेला आवाज बाहेर आला. फाटका होता, पण त्या खोलीत दुसरं काहीच ऐकू येईना.

"लिहील ती. आभार मानायचे राहिलेत, साहेब. चादर धरणाऱ्याचं नाव काय?"