आउटबॉक्स

“चालला तर ठेवू, नाहीतर भंगारवाला खाली उभाच आहे,” आई म्हणाली. बाबा वारल्यावर मी त्यांचा जुना कॉम्प्युटर लावून पाहिला, तर एकही साइट उघडत नव्हती.

मी साइटच्या नावाऐवजी तिचा आकडी पत्ता टाकला. पान झटकन उघडलं!

“आई, लाइन चालू आहे गं! याला फक्त नावावरून पत्ता सापडत नाहीये.”

सेटिंगमध्ये बाबांनी हाताने भरलेला जुन्या, बंद पडलेल्या कंपनीचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, होता. तो काढला आणि सगळं सुरू झालं. आई खिडकीतून ओरडली, “जा हो भाऊ, काही द्यायचं नाही!”

मी बाबांची मेल उघडली. आउटबॉक्समध्ये अडकलेलं एक पत्र आपोआप रवाना झालं, आणि माझ्या फोनवर मेल आल्याची घंटी वाजली.

“चि. शर्वरीस आशीर्वाद. इथलं इंटरनेट बंद पडलंय. सवडीने येऊन बघ. घाई नाही.”