चौथे पिल्लू

सुलोचनाबाई उंबरठ्याबाहेर उभ्या राहूनच खोक्यात डोकावल्या. मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात चार पिल्ले होती; दोन गुलाबी, दोन हिरवी, विकणाऱ्याने रंगवलेली. त्यांच्यावर दोरीने टांगलेला जुन्या धाटणीचा पिवळा बल्ब जळत होता.

"गोड आहेत वो," त्या म्हणाल्या. "पण रक्षा, मोठे झाल्यावर काय करान यायचं?"

"काही नाई, काकू. पाळून राह्यलो. आचलनं हट्टच धरला."

"पाळान. अन् मंग?"

रक्षा दवाखान्याच्या गणवेशात, हातात डबा घेऊन उभी होती. तिचा नवरा अश्विन पहाटेच्या बसने हिंगणघाटच्या कचेरीकडे निघून गेला होता. मुलीची शाळेची रिक्षा कोपऱ्यावर येण्याच्या बेतात होती. ज्या घरातली माणसे एकत्र जेवतात ती फक्त रविवारी, त्या घराने काल पहिल्यांदाच चार जीव वाढवायला आणले होते आणि कामे रीतसर वाटून घेतली होती. पाणी आचलने बदलायचे, दाणा अश्विनने आणायचा, ऊब रक्षाने पाहायची.

सुलोचनाबाई खाली राहत, घर त्यांचे. यजमान धान्याचे व्यापारी. हे घराणे सुसंस्कृत असल्यामुळे भाडेकरूला जात विचारीत नसे. आडनाव विचारीत असे, आणि त्यानंतर घरात काय शिजते, एवढेच. बोरगाव मेघेतल्या इतर घरमालकांच्या खोल्या रक्षाचे आडनाव ऐकताच 'कालच गेलेल्या' निघाल्या होत्या. त्या मानाने येथे घरात मांस न शिजवण्याची अट घालून का होईना, दार उघडले होते. बैठकीतल्या बुद्धमूर्तीलाही हरकत घेतली गेली नव्हती. तशी एक खालीही होती, शोकेसमध्ये, बरकतीसाठी.

"माहं काही नाई," सुलोचनाबाई म्हणाल्या, "पण कोंबडी म्हटली की लोक बोलतात. हे पिलं मले देऊन टाक. नातवाले खेळाले होतीन. अन् त्यायचा जीव तं राहीन."

आचल पाठीवर दप्तर घेऊन दोघींच्या मध्ये उभी होती. "आम्ही नाई खाणार त्यायले, आजी."

"तसं कुठं म्हटलं मी, बेटा?" त्या हसल्या. मग रक्षाकडे पाहून म्हणाल्या, "अकरा महिन्यांचा करार संपून राह्यला ना तुमचा?"

रक्षाने खोके उचलले. सुलोचनाबाईंनी हात पुढे केले नाहीत.

"पायरीवर ठेवून दे. पायरीवर."

रक्षाने खोके पायरीवर ठेवले आणि आत जाऊन बल्ब सोडवून आणला. "हा बी न्या, काकू. थंडी आहे. ऊब पायजे त्यायले."

"राहू दे वो. आमच्याकडे काय बल्ब नाई?"

पिल्लांचे खोके सोडले तर वरच्या मजल्यावरची वस्तू खाली जात नसे. दिवाळीचा फराळ मात्र खालून वर येई, आणि त्याची ताटली परत मागितली जात नसे.

संध्याकाळी रक्षा परतली तेव्हा आचल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेली होती. त्या पायरीपुढे जायला तिला कोणी मनाई केली नव्हती. जायचे नाही, हे तिला ठाऊक होते.

"आई, मी शाळेतून आली तेव्हापासून ते ओरडूनच राह्यले होते. आता बंद झालं ओरडणं."

रक्षा नवजात बालकांच्या कक्षात काम करीत असे. दुसरे वाक्य ऐकताच ती डबा तिथेच ठेवून पोर्चकडे गेली.

खोक्यावर नवा कोरा एलईडी बल्ब लावलेला होता. प्रकाश इतका लख्ख की पिसावरचा रंग कुठे फिका पडला आहे तेही दिसावे. पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. सर्वांत खालचे हलत नव्हते.

"दिवसभर लाइट चालूच ठेवला, बाई," आतून येत सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुमच्या बल्बाच्या दुप्पट उजेड आहे. तरी काऊन असे करून राह्यले?"

रक्षाने जळत्या बल्बला तळहात लावला आणि तसाच लावून ठेवला. काढून घेण्याची गरज पडली नाही.

"थंडा आहे, काकू."

मग तिने न विचारता तीन पिल्ले उचलली आणि स्वेटरच्या आत धरली. चौथ्याच्या छातीवर बोट टेकवले, थोडा वेळ थांबली, बोट काढून घेतले.

"मेलं का?" सुलोचनाबाई एक पाऊल मागे सरल्या. "अरे देवा, माह्याच दारात! बरं, जाता जाता ते बी नेजो. आमच्यात मेलेल्याले कोणी हात नाई लावत. तुमच्यात तं चालते."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. जेवताना मीठ मागावे तसे म्हणाल्या. रक्षाच्या आजोबांनी गावातली मेलेली ढोरे ओढणे ज्या दिवशी सोडले, तो दिवस तिच्या माहेरी लहान मुलांना सणासारखा सांगितला जाई.

रक्षा उभी राहिली. सुलोचनाबाईंकडे तिने पाहिले, करार आठवला, आणि ती जिन्याकडे वळली.

"आई, चौथं?" आचलने विचारले.

"ते त्यायचं आहे." आवाज नेहमीचाच होता. "वर चाल. बल्ब लाव. अन् बाबाले फोन कर, म्हणा, उद्यापासून घर पाहा लागते."

वरच्या खिडकीत पिवळा उजेड लागला. खाली, लख्ख पांढऱ्या उजेडात, सुलोचनाबाईंनी आत हाक मारली. सून आली, यजमान आले, नातू आला. जो येई तो खोक्यात वाकून पाही, आणि हात पाठीमागे घेऊन उभा राही.