चटईच्या उंचीवरून

"खुर्ची कुणालाही मिळणार नाही. या जपानी दिग्दर्शकाचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असे, आपणही खाली बसूनच पाहायचं," विदुलाच्या नवऱ्याने घरच्या हॉलमध्ये जमलेल्या आपल्या चित्रपट-रसग्रहण वर्गाला बजावलं.

महिनाभर राहायला आलेल्या सासऱ्यांचे गुडघे वाकत नव्हते. "सूनबाई, मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकतो," ते म्हणाले.

पडद्यावर मुलांनी एकटा टाकलेला बाप पाहून नवऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. "काय ही करुणा!" त्याचं बघून वर्गानेही घाईघाईने डोळे पुसले.

विदुला आत आली, तर सासरे पिशवी भरून उभे. "इथे माझी अडचणच होते गं. संध्याकाळची एसटी मिळेल." तिने हॉलमध्ये येऊन नवऱ्याच्या कानात सांगितलं, "बाबा परत निघालेत."

"दहा मिनिटं थांबव त्यांना. हा शेवटचा प्रसंग चुकवून चालणार नाही."

तिने पिशवी उचलली, सासऱ्यांचा हात धरला. बाहेरची वाट हॉलमधूनच होती. पडद्यावरच्या म्हाताऱ्यावर दोघांच्या सावल्या पडल्या.

"अहो, खाली बसा!" वर्ग ओरडला. त्यात सर्वांत मोठा आवाज सासऱ्यांच्या मुलाचा होता.